चौदाव्या वर्षाची वेस

अमेरिकेतील शिक्षणाची चर्चा आज आपल्याकडे वर्तमानपत्रांतून आणि परदेशस्थ नातलगांच्या फोनवरील गप्पांतून जितकी होते, तितकी ती पूर्वी कधी होत नसेल. परंतु अमेरिकन माणूस आणि रायगडच्या किनाऱ्यावरील शाळा यांची पहिली गाठ पडल्याला दोनशे वर्षे होऊन गेली, ही गोष्ट त्या चर्चेत क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, कंपनी सरकारची नाराजी पत्करून तेथे टिकले, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत त्यांच्या मिशनच्या मराठी शाळा मुंबई बेटाबाहेर पडून चौल-रेवदंड्यापर्यंत येऊन पोहोचल्या. किनाऱ्यावरच्या बेने इस्रायलांची, म्हणजे गावकरी ज्यांना शनवार तेली म्हणत त्या समाजाची, मुले या शाळांतून बसत, आणि त्या समाजातील काही मंडळी तेथे पंतोजीचे कामही करीत. याच मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. धर्मप्रसाराचा हेतू त्यामागे होता आणि तो कोणी लपविलाही नव्हता. तथापि बाराखडी, वाचन आणि जुजबी हिशेब एवढे पदरात पडले म्हणजे मुलाचे शिक्षण आटोपले, ही समजूत मिशनरी, पालक आणि पंतोजी या तिघांचीही सारखीच होती. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाने शाळेत बसून राहावे, ही कल्पना त्या काळी चौलात नव्हती; आणि विशेष असे की, ती खुद्द अमेरिकेतही रुजलेली नव्हती.

अमेरिकेत ती रुजली विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि रुजली ती मोठ्या झपाट्याने. बाल्य आणि प्रौढत्व यांच्या मधल्या वयाला स्वतंत्र मानसशास्त्रीय अवस्था मानून त्यावर जी. स्टॅनली हॉल या अमेरिकन पंडिताने १९०४ साली दोन जाडजूड खंडांचा ग्रंथ लिहिला. १९१० च्या सुमारास तेथील अठरा वर्षांच्या शंभर मुलामुलींमागे जेमतेम नऊजण हायस्कूलची परीक्षा उतरलेले असत. १९४० साली हे प्रमाण निम्म्यावर गेले. एवढा मोठा पालट तीस वर्षांत झाला, आणि तो वॉशिंग्टनच्या हुकुमाने झाला नाही. गावोगावच्या, विशेषतः मध्य-पश्चिमेकडील शेतकरी मुलुखातील रहिवाशांनी आपल्या घरांवर आणि जमिनींवर आपणच कर बसवून घेतला व त्यातून हायस्कुले बांधली. दूरदूरच्या मळ्यांवरील मुले तेथवर आणावयाची म्हणजे वाहन हवे. ते वाहन कसे असावे हे ठरविण्याकरिता १९३९ साली कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात फ्रँक सायर यांनी एक परिषद भरविली, आणि शाळेच्या बसगाडीचा तो पिवळाधमक रंग तेथे मुक्रर झाला. त्या वेळी देशात एक लक्ष सतरा हजारांवर शाळा-जिल्हे, म्हणजे शाळांचा कारभार पाहणारे स्थानिक विभाग, होते. आज ते तेरा हजारांच्या आसपास उरले आहेत. एकशिक्षकी शाळा मोडून मोठ्या शाळा करावयाच्या आणि मुले गाडीने आणावयाची, हे धोरण आपल्याकडे आज नव्याने मांडले जात असले तरी ते तेथे तीन पिढ्यांपूर्वी राबविले गेले, आणि प्रथम वाहन व मग विलीनीकरण हा क्रम त्यांनी पुष्कळ ठिकाणी पाळला, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

आज अमेरिकेहून ज्या तक्रारी ऐकू येतात त्या या हायस्कूलच्या आतल्या आहेत. ज्या स्थानिक घरपट्टीने शाळा उभ्या केल्या, तिनेच त्यांच्यात तफावतही पाडली. श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील गरीब वस्तीच्या पालकांनी या विषमतेविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला की, शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे. पुढे २००२ मध्ये एकही मूल मागे राहता कामा नये अशा नावाचा कायदा झाला. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन-गणिताच्या परीक्षा घ्याव्या आणि २०१४ पर्यंत देशातील प्रत्येक मूल प्रवीण व्हावे, असे त्यात फर्माविले होते. शंभर टक्के मुले प्रवीण होण्याची तारीख कायद्यात लिहून ठेवणारे विधिमंडळ जगात दुसरे असेल असे वाटत नाही. ती तारीख आली आणि गेली, आणि २०१५ च्या अखेरीस तो कायदाच बदलण्यात आला. त्याखेरीज बंदुकांचे भय आहेच. १९९९ मधील कोलंबाइनपासून २०२२ मधील युवाल्डीपर्यंत, जेथे एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, या घटनांनी तेथील शाळेचे रूपच पालटले. दार लावून, दिवे घालवून, बाकाखाली गप्प बसण्याची कवाईत आज तेथील मुलांच्या अंगवळणी पडली आहे, आणि एडिसन किंवा क्यूपर्टिनो येथील मराठी आईबाप ती गोष्ट इकडे आजीला फोनवर सांगताना आवाज उतरवितात. २०२१ साली तेथील सरकारी आरोग्य-पाहणीत हायस्कूलच्या शंभरांतील सत्तावन्न मुलींनी आपल्याला दीर्घकाळ खिन्नता आणि निराशा जाणवत असल्याचे सांगितले. महासाथीनंतर आणखी एक दुखणे निघाले: वर्षाचे दहा टक्के किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये शंभरात पंधरा होते, ते २०२१-२२ मध्ये अठ्ठावीस झाले. शाळा जवळ आहे, गाडी दारात येते, जेवण तेथे मिळते, आणि मूल जात नाही.

हे सारे वाचून आपल्याकडील सुशिक्षित वाचक दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर, पाहा, त्या संपन्न देशाची ही दशा, असे म्हणून समाधान मानतो; किंवा तीच दुखणी आपल्या मुलांनाही जडली आहेत असे गृहीत धरून तेच उपाय येथे मागू लागतो. मला या दोन्ही गोष्टी चुकीच्या वाटतात, आणि त्याचे कारण अमेरिकेत नसून रेवसपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत पसरलेल्या या किनारपट्टीत आहे.

पूर्वीचा कुलाबा आणि १९८१ पासूनचा रायगड, या जिल्ह्याचा किनारा धरमतर, कुंडलिका, राजपुरी आणि बाणकोट अशा खाड्यांनी तुकड्यातुकड्यांत कापलेला आहे. नकाशावर समोरासमोर दिसणारी दोन गावे प्रत्यक्षात खाडीला वळसा घालून जाण्याइतकी दूर असतात. गावोगाव जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे, आणि ती चौथी-पाचवीपर्यंत, कोठे सातवी-आठवीपर्यंत चालते. त्यापुढील वर्ग मात्र बहुतेक ठिकाणी खाजगी संस्थांच्या अनुदानित हायस्कुलांत, म्हणजे बाजारपेठेच्या गावी असतात. रेवदंडा, मुरूड, बोर्ली पंचतन, श्रीवर्धन, म्हसळा ही ती गावे. तेव्हा नववीत जाणे म्हणजे पुष्कळ मुलांच्या बाबतीत गाव सोडून रोज दुसऱ्या गावी जाणे होय.

आणि नेमक्या याच जागी सरकारचाही हात सुटतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा या वयाच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जे नाकारले ते, म्हणजे हा मूलभूत हक्क, आपल्या घटनेच्या २१-अ या कलमात स्वच्छ लिहिलेले आहे. परंतु तो हक्क चौदाव्या वर्षी संपतो. शाळेतले मध्यान्ह भोजन आठवीपर्यंत, मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत, गणवेश आठवीपर्यंत. बालमजुरीच्या कायद्याची सक्त मनाईही चौदा वर्षांपर्यंतचीच असून त्यापुढे फक्त धोक्याची कामे वर्ज्य आहेत. म्हणजे ज्या वर्षी मुलाचे हायस्कूल दूर जाते, त्याच वर्षी त्याचे दुपारचे जेवण बंद होते, पुस्तके विकत घ्यावी लागतात, आणि बापाला त्यास कामावर नेण्याची कायदेशीर मुभा मिळते. अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे. तेथे घटनेत हक्क नाही, पण सक्ती मात्र सोळा ते अठरा वर्षांपर्यंत आहे, आणि १९४६ च्या कायद्याने सुरू झालेले शाळेतील जेवण बारावीपर्यंत मिळते. हक्काची भाषा आपली उत्तम आणि वहिवाट त्यांची उत्तम, असा हा विलक्षण प्रकार आहे.

चौदा हा आकडा आला कोठून, याचा शोध घेता तो राज्यघटनेच्या पंचेचाळिसाव्या कलमाशी जाऊन थांबतो. दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे, असे त्यात १९५० साली म्हटले होते. त्याआधी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले विधेयक तर सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरतेच होते, आणि तेही पुढील वर्षी फेटाळले गेले. तेव्हा चौदा हा आकडा त्या काळी फार उदार होता, यात संशय नाही. परंतु एखाद्या पिढीची महत्त्वाकांक्षा पुढच्या पिढीची मर्यादा होऊन बसते, तशी त्याची गत झाली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने अठरा वर्षांपर्यंत सार्वत्रिक शिक्षणाची इच्छा व्यक्त केली आहे. इच्छेला अद्याप कायद्याचे रूप आलेले नाही. परिणाम काय होतो, हे २०२३ साली देशातील अठ्ठावीस ग्रामीण जिल्ह्यांत झालेल्या 'असर' या पाहणीत स्पष्ट दिसते: चौदा वर्षांच्या शंभर मुलांमागे शाळेत नाव नसलेली मुले चारच्या आसपास होती, आणि अठरा वर्षांच्या शंभरांमागे बत्तीस-तेहेतीस.

या किनाऱ्यावर अमेरिकेच्या पिवळ्या बसगाडीचे काम एस.टी. करते. मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेखाली ग्रामीण मुलींना शाळेपर्यंतचा एस.टी.चा पासही मोफत आहे, आणि या दोन गोष्टींनी कोकणातील मुलींच्या शिक्षणाचे जितके भले केले तितके पुष्कळ परिसंवादांनी केलेले नाही. परंतु पास गाडीत बसण्याचा असतो, गाडी येण्याचा नसतो. सकाळची फेरी चुकली तर शाळा चुकते. संध्याकाळची फेरी रद्द झाली तर मुलगी फाट्यावर अंधारात उभी राहते, आणि असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा होऊ नये याची तजवीज घरातले लोक आपल्या पद्धतीने करतात. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. दीड वर्ष बंद असलेले वर्ग तेव्हा नुकतेच उघडले होते, आणि मार्चमध्ये दहावीची परीक्षा होती. त्या वर्षी परीक्षा मंडळाने 'शाळा तेथे परीक्षा केंद्र' हे तत्त्व स्वीकारले म्हणून दुसऱ्या गावच्या केंद्रावर जाण्याचा प्रश्न तरी उरला नाही. एरवीच्या सहा महिन्यांत वडाप, रिक्षा, कोणाची मोटारसायकल, नाही तर पायपीट. संपाच्या मागण्या योग्य होत्या की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. शाळेचे वाहन दुसऱ्याच खात्याच्या ताब्यात असले म्हणजे काय होते, हे त्या सहा महिन्यांनी दाखविले.

वेळापत्रकाचा विषय निघाला आहे म्हणून एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण तिच्यात अमेरिकन संशोधनाचा आपल्याला खरोखरी उपयोग होता आणि तो आपण नेमका उलटा केला. वयात येताना मुलांचे झोपेचे चक्र पुढे सरकते. रात्री झोप आणणारा स्राव त्यांच्या शरीरात उशिरा सुरू होतो, त्यामुळे दहा वर्षांचे मूल नऊला पेंगते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला अकरापूर्वी झोप येत नाही. हा आळस नव्हे, शरीरधर्म आहे, असे मेरी कार्स्केडन प्रभृती संशोधकांनी दाखवून दिले. मिनेसोटातील एडिना गावाने १९९६ मध्ये हायस्कूलची वेळ ७.२० वरून ८.३० वर नेली. २०१४ साली तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघाने हायस्कूल ८.३० पूर्वी भरवू नये अशी शिफारस केली. आणि कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये तसा कायदा करून तो जुलै २०२२ पासून अंमलात आणला. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही असे जाहीरपणे म्हटले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला की, पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत. हेतू चांगला, परंतु ज्या वयास सकाळची झोप शरीरशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत आवश्यक, ते वय या निर्णयातून वगळले गेले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातून ग्रामीण भाग वगळलेला आहे, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. ग्रामीण शाळेची घंटा तेथेही वाहनाच्या वेळापत्रकाशी बांधलेली असते. श्रीवर्धन तालुक्यातील हायस्कूलचा मुख्याध्यापक घंटेची वेळ ठरविताना मेंदूविज्ञान पाहत नाही, आगाराचा फलक पाहतो. आणि त्यात त्याचे काहीच चुकत नाही.

आता कोळीवाड्याकडे वळू. करंजा, थळ, वरसोली, साखर, कोर्लई, बोर्ली-मांडला, राजपुरी, भरडखोल, जीवना अशी बंदरे आणि कोळीवाडे किनाऱ्यावर सर्वत्र आहेत. शाळेचे वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते तेव्हा मासेमारीस बंदी असते. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, जाळी दुरुस्तीस काढलेली, आणि मुलगा घरीच. ऑगस्ट लागला, नारळी पौर्णिमा आली, की नाखव्याला माणसे हवीत. खलाशी आता परमुलखातून आणावे लागतात, त्यांना उचल द्यावी लागते, आणि घरात चौदा-पंधरा वर्षांचा अंगाने भरलेला मुलगा बसलेला असतो. तांडेल होण्याचे शिक्षण कोणत्याच हायस्कुलात मिळत नाही. भरती-ओहोटीचे गणित, तळाची माती, वाऱ्याची लक्षणे, डोल कोठे लावावी, हे लहानपणीच अंगात मुरावे लागते, आणि वीस वर्षांचा होऊन जो होडीवर चढला त्याला समुद्र लागतो असे कोळी बापाचे म्हणणे असते. या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे मला म्हणवत नाही.

हाच वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७२ साली आला होता, आणि आपल्याकडे त्या निकालाची चर्चा फारशी कधी झाली नाही याचे मला नवल वाटते. विस्कॉन्सिन राज्यातील अमिश पंथाच्या शेतकऱ्यांनी आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आठवीनंतर शाळेतून काढले. राज्याचा कायदा सोळा वर्षांपर्यंत सक्तीचा. त्यांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. दंड भरून मोकळे होण्याऐवजी प्रकरण वरपर्यंत गेले. त्यांचे म्हणणे असे की, लिहिणे-वाचणे आम्हांस मान्य आहे, आठवीपर्यंतची शाळा मान्य आहे; परंतु हायस्कूल आमच्या मुलांना स्पर्धा आणि ऐहिक यश शिकविते, आणि शेत, गोठा व सुतारकाम हे जे शिक्षण या वयात आमच्या घरात मिळावयाचे, त्याची वेळ हिरावून घेते. न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या आधारे त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र अंशतः भिन्न मत लिहून ठेवले. आईबापांचे म्हणणे आपण ऐकले, राज्याचे ऐकले. ज्यांचे आयुष्य पणाला लागले आहे त्या मुलांना विचारले काय? एखाद्यास पियानो वाजवावयाचा असेल, आकाशातील ग्रहांचा अभ्यास करावयाचा असेल, असा त्यांचा रोख होता.

कोळी समाजाला अमिशांसारखे हायस्कूल नको आहे असे मुळीच नाही. उलट, आपला मुलगा होडीवर येऊ नये म्हणून घरचे सोने मोडणारे नाखवे किनाऱ्यावर थोडे नाहीत. परंतु डग्लस यांचा प्रश्न येथेही तितकाच लागू आहे, आणि तो विचारण्याची जागा मात्र नाही. दहावीत गणितात राहिलेला मुलगा होडीवर गेला तर त्याने व्यवसाय निवडला असे आपण म्हणतो; त्याच्यापुढे दुसरे काय ठेवले होते, हे कोणी पाहत नाही. काशीद, नागाव, वरसोलीच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी मुंबईकरांना लाटांवरून फिरविणाऱ्या बोटींमागे उभी असलेली मुले, किंवा फार्महाऊसवर पाण्याच्या टाकीपासून कुत्र्यापर्यंत सर्वांची निगा राखणारी मुले, यांची गणना कोणत्याच खात्याच्या तक्त्यात होत नाही. सोमवारच्या हजेरीपटावर त्यांच्यापुढे फुली असते इतकेच.

कोर्लईचा उल्लेख केला, तेथील एक वेगळीच गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज शब्दांची एक मिश्र बोली शतकानुशतके घरात बोलली जाते, आणि मुले शाळेत मराठी शिकतात. कातकरी वाड्यांवरील मुलांची घरची बोलीही पुस्तकातल्या मराठीहून पुष्कळ निराळी आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी मुलांच्या फिर्यादीत १९७४ साली अमेरिकन न्यायालयाने म्हटले की, ज्यास वर्गातील भाषाच कळत नाही, त्यास इतरांसारखेच बाक आणि इतरांसारखेच पुस्तक दिले म्हणून समान वागणूक दिली असे होत नाही. हे तत्त्व आपल्या शाळांनी त्या निकालाशिवायच ओळखावयास हरकत नव्हती.

मोबाइलबद्दल फार लिहिण्याची माझी इच्छा नाही, कारण त्यावर सर्वच लिहितात. परंतु तो या किनाऱ्यावर कसा आला, हे विसरता कामा नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, शाळांची छपरे उडाली, विजेचे खांब कोलमडले, आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. टाळेबंदीचा काळ तो. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे शासनाचे ब्रीद. ज्या घरात दिवा लागत नव्हता त्या घरातही मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून पुढे उधारउसनवारीने मोबाइल घेतला गेला. म्हणजे अमेरिकेत मोबाइल शाळेच्या आत शिरून गोंधळ घालू लागला म्हणून राज्यामागून राज्य तो शाळेबाहेर काढीत आहे, आणि येथे तो शाळेच्या जागी, शाळेच्या नावावर घरात आला. तो काढून घ्या, असे आता पालकांना सांगताना ज्यांनी तो घ्यावयास लावला त्यांनी थोडे सबुरीने बोलावे. नववीतील मुलीच्या मनावर त्याचा काय परिणाम होतो, हे ऐकून घेणारा समुपदेशक तालुक्याच्या गावीही सहज सापडत नाही. शाळेतील एखादी समजूतदार बाई हेच काम आपला तास सांभाळून करीत असते.

बाईंचीही अडचण आहे. कोकणातील प्राथमिक शाळांत घाटावरून, मराठवाड्यातून, विदर्भातून नेमणूक होऊन आलेले शिक्षक पुष्कळ. आंतरजिल्हा बदलीचा हुकूम निघाला की ते आपल्या मुलुखास परत जातात, आणि जागा रिकामी पडते. त्यांना दोष देता येत नाही. आपल्या आईबापांजवळ राहावे असे कोणाला वाटत नाही? शिवाय पट कमी झालेला. गावेच्या गावे मुंबईस, आणि दक्षिणेकडे म्हसळा-श्रीवर्धनातील घरे आखाती देशांत. वीस मुलांहून कमी पट असलेल्या शाळा राज्यात चौदा हजारांवर असल्याचे शासनानेच सांगितले, आणि २०२३ मध्ये त्या एकत्र करून समूह शाळा करण्याची योजना पुढे आली. विरोध झाला, आणि खाडीकाठच्या वाड्यांवर तो रास्त होता. प्राथमिक शाळाही दूर गेली, तर जी वेस आज चौदाव्या वर्षी आडवी येते ती सहाव्या वर्षीच येईल.

सर्वांत शेवटी ज्यांचा विचार होतो त्या कातकऱ्यांविषयी. पेण, रोहा, सुधागड, माणगावच्या वाड्यांवरून किनाऱ्यापर्यंत पसरलेला हा समाज दिवाळीनंतर बाहेर पडतो. कोणी वीटभट्टीवर, कोणी कोळसाभट्टीवर, कर्नाटकापर्यंत. आणि पावसाच्या तोंडावर परत येतो. उचल घेतलेली असते, ती जोडप्याने फेडावयाची, आणि मुले बरोबर जातात, कारण मागे ठेवावयास कोणी नसते. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय पेण येथे आहे, आश्रमशाळा आहेत, आणि त्यांतून शिकून पुढे गेलेली मुलेही आहेत. परंतु आश्रमशाळेत न जाणाऱ्या, गावच्या शाळेत नाव असलेल्या मुलाचे वर्ष नोव्हेंबरात संपते, आणि परीक्षा एप्रिलात असते. स्थलांतर करणाऱ्यांची मुले मागे राहावीत म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. गावातच आजी किंवा शेजारीण यांच्या देखरेखीखाली मुलांना ठेवावे, दोन वेळ जेवण द्यावे, आणि शाळा चालू राहावी अशी तिची रचना आहे. कल्पना साधी आणि शहाणपणाची आहे. योजनेची तरतूद मात्र पहिली ते आठवीच्या मुलांपुरती आहे. नववीत गेलेली त्यांची बहीण किंवा भाऊ दिवाळीनंतर आईबापांबरोबर ट्रकमध्ये चढतो, आणि त्यास भट्टीवर मजुरी मिळते ती पुऱ्या माणसाच्या हिशेबाने.